बाबासाहेबांच्या फोटोखाली वेगळं ताट : हर्पिस आणि आपल्या घरातला विटाळ



मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हाला एका वस्तीतून बोलावणं आलं. जिल्हा यवतमाळ. तालुका सांगत नाही, गाव तर नाहीच नाही. मामला सोडचिठ्ठीचा होता. लग्नाला दीड वर्ष झालेली मुलगी, नवरा पुण्याकडे कंपनीत, दोन-दोन महिन्यांनी घरी येणारा. मुलीला लघवीच्या जागी फोड आले, ते फुटून जखमा झाल्या, ताप भरला, जांघेत गाठी आल्या. लघवीला बसली की ती रडायची. तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिला तपासलंच नाही. नुसतं ऐकून चिठ्ठीवर 'हर्पिस' लिहिलं, आणि आजाराचं नाव तिला सांगण्याआधी तिच्या सासूला सांगितलं. वर एक शेरा : "बाहेरचा आजार आहे."

त्या दिवसापासून त्या घरात तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीत. माठाला तिने हात लावायचा नाही. आम्ही घरात गेलो तेव्हा माठ ज्या भिंतीला टेकलेला होता त्याच भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यात ओंजळ घालणाऱ्या माणसाच्या फोटोखाली एका पोरीला पाण्याची बंदी. सासूबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, आमी तिले मारत नाही, झोडत नाही. आजार घरभर होऊ नये मनून येगळं ठेवलं." अगदी हेच वाक्य आपल्या आजा-पणजाला किती वेळा ऐकावं लागलं असेल! तेव्हाही मारझोड नसायचीच दरवेळी. फक्त वेगळं ठेवायचे.

आता आमची गोष्ट. बैठक विहारात बसली. दोन्हीकडची मंडळी, गावातले चार जाणते, आम्ही तिघं. आणि पहिला प्रश्न आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने विचारला : "पण हे आलं कोणाकडून?" मुलगी खाली मान घालून बसली. नवरा भिंतीकडे बघायला लागला. त्या एका प्रश्नाने बैठक पंचायत झाली आणि पोरगी आरोपी. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तो विचारायचा नसतो हे आम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं, त्याची लाज वाटते म्हणून लिहितो आहोत.

मित्रहो, हर्पिस हा विषाणूचा आजार आहे. विषाणूचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स, त्याचे दोन प्रकार. पहिला बहुतेकदा ओठावर फोड आणतो, ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला येतात ते. तो लहानपणीच, घरातल्या कोणाच्या पापीतूनही लागतो. दुसरा बहुतेक करून लैंगिक संबंधातून लागतो आणि जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ, मांडीवर, ढुंगणावर फोड आणतो. पण पहिला प्रकारही मुखमैथुनातून खाली जातो. म्हणजे ज्याचा फक्त ओठ फुटला होता अशा नवऱ्याकडूनही बायकोला जननेंद्रियाचा हर्पिस होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे जगात ५० वर्षांखालच्या ३८० कोटी लोकांच्या अंगात पहिला प्रकार आहे आणि १५ ते ४९ वयातल्या ५२ कोटी लोकांच्या अंगात दुसरा. यात कलेक्टर असतील, आमदार असतील, भंते असतील, डॉक्टर तर असतीलच. बहुतेकांना पत्ताही नाही, कारण बहुतेकांना फोड येतच नाहीत, किंवा इतके बारीक येतात की घामोळं समजून माणूस विसरून जातो.

आणि हा विषाणू अंगातून जात नाही. पहिला हल्ला झाला की तो मज्जातंतूच्या वाटेने पाठीच्या कण्याजवळच्या गाठींत जाऊन बसतो. महिने बसतो, वर्षं बसतो. मग ताप, जागरण, पाळी, चिंता, अंगमोड काम असं काही निमित्त झालं की त्याच वाटेने परत कातडीवर येतो. लागण झाल्यावर पहिले फोड बहुतेकदा दोन ते बारा दिवसांत येतात, पण ज्याला तेव्हा आलेच नाहीत त्याला ते पहिल्यांदा पाच वर्षांनीही येऊ शकतात. एखाद्याला लग्नाच्या आधी लागण झालेली असते आणि ती लग्नानंतर दिसते. एखाद्याला कधीच फोड आले नाहीत, तरी त्याच्याकडून जोडीदाराला जातो.

तेव्हा 'आलं कोणाकडून' या प्रश्नाला उत्तर नाही. डॉक्टरलाही ते सांगता येत नाही, प्रयोगशाळेलाही नाही. फोड आधी कोणाला दिसले यावरून आधी कोणाला लागण झाली हे ठरत नाही. ज्याला बाईच्या चारित्र्याचा पुरावा हवा आहे त्याने तो फोडांत शोधू नये. अशा पुराव्यावर सोडचिठ्ठी लिहून देणारी बैठक विहारात बसो की चावडीवर, ती मनूचंच काम करते.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. मोबाईलवर 'हर्पिस' शोधलं की मराठीत 'नागीण' येतं. आपल्याकडे नागीण म्हटलं की माणूस आधी उतरवणाऱ्याकडे धावतो. गेरू लावतात, मंत्र टाकतात, नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस मरतो म्हणतात. नागीण हा वेगळा आजार. कांजण्यांचा विषाणू अंगात झोपलेला असतो, तो मोठेपणी उठला की कमरेला, छातीला, एकाच बाजूला पट्टा उठतो. तो लैंगिक संबंधातून येत नाही आणि तोंडं जुळून कोणी मरत नाही. दोन्ही विषाणू एका कुळातले आहेत, म्हणून इंग्रजी नावात हर्पिस हा शब्द दोन्हीकडे येतो, एवढंच. नागिणीच्या नावाखाली जननेंद्रियाच्या फोडांवर गेरू, चुना, बिब्बा लावून घेतलेली माणसं आहेत. बिब्ब्याने कातडी भाजते. आधीच्या जखमेवर दुसरी जखम.

यापुढचा भाग जरा दवाखान्यासारखा वाटेल, पण तो नीट वाचा. चळवळीत भाषण करणारे पुष्कळ आहेत, कोणत्या खिडकीत चिठ्ठी काढायची हे सांगणारे कमी.

लैंगिक आजारांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या कार्यक्रमात 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. ती जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. आपल्याकडे यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन त्वचा व गुप्तरोग विभाग विचारायचा, तिथून वाट सापडते. बाईमाणूस स्त्रीरोग विभागातही दाखवू शकते. लांब राहणाऱ्यांनी, झरी-जामणीच्या किंवा उमरखेडच्या माणसाने, आधी १०९७ या फुकटच्या हेल्पलाईनवर बोलून घ्यावं, नाव सांगावं लागत नाही. या कार्यक्रमात लक्षणांप्रमाणे औषधांचे रंगीत संच ठरवलेले आहेत. हर्पिसच्या जखमांचा संच क्रमांक ५, लाल रंगाचा. त्यात असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, दिवसातून तीन, सात दिवस. पहिल्या हल्ल्यात गोळी जितक्या लवकर सुरू होईल तितकी ती उपयोगाची, म्हणून 'पाहू दोन दिवस' म्हणत बसू नये. गोळीच्या दिवसांत पाणी भरपूर प्यायचं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, मात्रा बदलावी लागते.

ही गोळी विषाणूला मारून टाकत नाही, त्याची वाढ अडवते. हल्ला लवकर आटोपतो. हल्ले पुन्हा येतात, पण बहुतेकांचे पहिल्याइतके कडक नसतात आणि वर्षं जातात तसे विरळ होतात. पुन्हा येण्याच्या आधी तिथे झिणझिण, खाज, मांडीत कळ अशी चाहूल लागते. त्याच दिवशी गोळी सुरू केली तर हल्ला बराच आवरतो, त्यासाठी गोळ्या आधीच घरात असलेल्या बऱ्या. ज्यांना वारंवार होतो त्यांना डॉक्टर रोजची गोळी देतात, कित्येक महिने. तिने हल्ले पुष्कळ कमी होतात आणि जोडीदाराला जाण्याची शक्यताही घटते. औषध जेनेरिकमध्ये मिळतं, महाग नाही. असायक्लोव्हिर १९७० च्या दशकात ज्या संशोधकांच्या गटाने आणलं त्याची प्रमुख गर्ट्रूड एलियन. बाई प्रयोगशाळेत आली तर पुरुषांचं लक्ष विचलित होईल म्हणून तरुणपणी हिला नोकरी नाकारली होती. १९८८ ला तिला नोबेल मिळालं. घरातल्या मुलींना हे सांगा.

जखमा असेपर्यंत कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं ठेवायचं, सैल सुती कपडा. लघवीची आग होत असेल तर लघवी करताना वरून पाणी ओतत राहायचं, जळजळ निम्म्याने कमी वाटते. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याने न विचारता दिलेली खाजेची ट्यूब लावू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. फोडांना हात लागला तर साबणाने धुवायचा, तो हात डोळ्याला जाऊ द्यायचा नाही. बस. ताटातून, तांब्यातून, माठातून, संडासाच्या भांड्यातून, अंथरुणातून हा आजार जात नाही. जातो तो कातडीला कातडी लागून. सासूबाईंनी ज्या वस्तू वेगळ्या केल्या होत्या त्यातली एकही आजार पसरवणारी नव्हती.

एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' लिहिणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. हर्पिसचे फोड दोन-तीन आठवड्यांत आपोआपही सुकतात. त्या सुकण्याचे पैसे हा माणूस घेतो. पुन्हा आले की पुन्हा घेतो. 'मुळापासून काढतो' म्हणणारा खोटं बोलतो. मुळापासून काढणारं औषध अजून जगात कुठे नाही आणि लसही नाही.

आता त्या डॉक्टरकडे वळू, ज्याने पोरीला तपासलं नाही. हर्पिस ओळखायचा तो मुळात बघून. बारीक, पुंजक्याने आलेले, दुखणारे फोड आणि उथळ जखमा एकीकडे. सिफिलिसची जखम बहुतेकदा एकच, न दुखणारी. औषधं पूर्ण वेगळी. ताज्या जखमेवरचा स्वॅब घेता आला तर उत्तम. न बघता लिहिलेलं 'हर्पिस' हे निदान नव्हे, अफवा आहे. सोबत सिफिलिस आणि एचआयव्हीची रक्ततपासणी व्हायला हवी, ती सरकारी केंद्रात फुकट होते. हर्पिस म्हणजे एचआयव्ही नव्हे. पण दुसऱ्या प्रकारचा हर्पिस असणाऱ्याला एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, म्हणून तपासून घ्यायचं.

बाईला न तपासणं ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांना तपासलं. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी आयुष्यात कधीही आतून तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे आले तेव्हा डॉक्टरी जग हादरलं. आपल्या आया-आज्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी न हादरता सांगितलं असतं.

आणि आपल्या बाबतीत त्यावर जातीचा थर असतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे, १९२९ साली 'यंग इंडिया'त आलेली. बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर आला तो वस्तीबाहेर थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाकडे दिला, त्याने शिक्षकाकडे, शिक्षकाने बायकोकडे. परत येण्याची वाटही तीच. बाई मेली. आज थर्मामीटर हातोहात फिरत नाही, पण आडनाव ऐकून 'यांच्यात असतंच' असं मनाशी ठरवणारा आणि पडद्याआड न नेता गोळी लिहिणारा डॉक्टर आम्ही पाहिला आहे. तेव्हा चिठ्ठी काढताना सोबत कोणीतरी जावं आणि तपासणीच्या टेबलापर्यंत पोरीला पोचवावं. तपासणी करा, आणि एकांतात सांगा, हे डॉक्टरला बजावणं कार्यकर्त्याचं काम आहे. मोर्चाइतकंच.

विहारातल्या त्या बैठकीत एका वडीलधाऱ्या उपासकांनी मुद्दा काढला : पंचशील पाळलं असतं तर हे झालं असतं का? कामेसु मिच्छाचारापासून दूर राहा असं बुद्धाने सांगितलं, बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्याच्या बायांना तो धंदा सोडा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही लैंगिक आजाराची वकिली करता. त्यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. शील पाळावंच. पण या पोरीने कोणतं शील मोडलं? नवऱ्याशी संसार केला एवढंच. आणि नवऱ्यानेही काही मोडलं असेल असं फोडांवरून म्हणता येत नाही, हे वर सांगितलंच. १९३६ साली बाबासाहेब त्या बायांशी बोलले ते एका शोषणाच्या व्यवस्थेबद्दल. त्या बायांना आजारी पडल्यावर माठाला शिवू देऊ नका असं ते म्हणाले नव्हते.

उलट त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांनी काय केलं ते पाहा. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवत. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत. हेच कर्वे, ज्यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठीत पुस्तक लिहिलं. सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. लोक आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारतात आणि माहितगार माणूस उत्तर देतो, यात अश्लील काय, हा त्या बचावाचा गाभा. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ ला, स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्याचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. तोही पडला. कर्व्यांचा खटला आपल्या व्याख्यानमालांत क्वचितच येतो. यायला हवा, आणि अगदी जयंतीच्या मंडपात.

उपासकांना आम्ही आणखी एक आठवण करून दिली. हगवणीने पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. 'हा आजार तुला कोणाकडून आला' असं तथागतांनी विचारल्याची नोंद विनयात नाही. वडील हसले. हसले म्हणजे निम्मं काम झालं.

लग्न व्हायच्या आहेत अशा पोरापोरींनी विचारलेलं : मग आता लग्न करायचं नाही का? करायचं. आधी सांगायचं आणि करायचं. फोड किंवा चाहूल असेल तेव्हा संबंध नाहीत, एरवी कंडोम. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण तो सगळी कातडी झाकत नाही. त्याला रोजच्या गोळीची जोड देता येते. मूल होतं. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषाणू वेगळा, तो हा नव्हे. गरोदर बाईने मात्र नर्सताईला आणि डॉक्टरला आवर्जून सांगावं. जुना हर्पिस असेल तर बाळाला धोका फार कमी असतो, पण शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर बाळ जिवावर बेतण्याइतकं आजारी पडू शकतं. शेवटच्या महिन्यात गोळ्या देतात, कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात. लाजेने गप्प बसण्याची किंमत इथे खरोखर एका जिवाची असू शकते.

त्या घराचं काय झालं? मुलीला आम्ही यवतमाळला नेलं, आमच्यातली एक ताई आतपर्यंत सोबत गेली. तपासणी झाली, हर्पिसच निघाला, बाकी रक्त चांगलं आलं. नवऱ्याचीही तपासणी केली, तो कुरकुरत का होईना आला. सोडचिठ्ठीचा कागद तूर्त बाजूला आहे. ताट आत आलं, अंथरूण आत आलं. माठाचं मात्र सासूबाईंना अजून जड जातं. पाणी त्या स्वतःच ओतून देतात. परवा पुन्हा जाऊन बसणार आहोत.

दरम्यान त्याच विहारात रविवारी वंदनेनंतर आरोग्याची बैठक ठेवली आहे. आधी बाया, मग पुरुष, वेगवेगळे. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवला, त्यात आतापर्यंत अकरा चिठ्ठ्या आल्या. पहिलीच अशी : "मले दर पाळीच्या आधी तिथं खाजवते न दोन-तीन फोड येतात, चार दिवसांत जातात. सात वर्षं झाली. हे तेच हाय का?"

ताई, असू शकतं. पुढच्या वेळी फोड आले की सुकायची वाट न बघता त्याच दिवशी सांग, आपण सोबत जाऊ.